वरच्या दारावरचा अंगठा

जुईची दूध ओढण्याची लय तुटत तुटत थांबते. मूठ सैल होते. नीरजा तिच्या शेजारी आडवी आहे, एक डोळा लेकीवर आणि एक समोरच्या कपाटावर. झोपायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलंय. दुपारची एवढीच काय ती हक्काची वेळ. वरच्या दाराचं काय ते ठरवायचं, पॉलिशचा दुसरा हात मारायचा आणि मोकळं व्हायचं. संध्याकाळी आई येणार आहे.

कपाट आप्पांनी केलंय. आप्पा म्हणजे नीरजाचे वडील. शाळेत भूगोल शिकवायचे आणि निवृत्तीनंतर रंधा घेऊन बसायचे. नातवंडाच्या कपड्यांसाठी म्हणून त्यांनी सागवानी फळ्या जोडल्या, घासल्या, आणि पॉलिश तेवढं मागे ठेवून ते गेले. जुई तेव्हा पोटात होती.

ते राहिलेलं काम नीरजानं आता हाती घेतलंय. काल पहिला हात मारला आणि वरच्या दारावर, मुठीच्या शेजारी, एक अंगठा उमटून आला. गोंदाचं बोट लागलेल्या जागी लाकूड पॉलिश पीत नाही. कोऱ्या फळीवर काही कळत नाही, रंग चढला की फटफटीत उघडं पडतं. अंगठ्याची रेष न् रेष दिसतेय. मधूनच एक तिरकी रेघ गेलीय, ओरखडा असावा.

आप्पांचा अंगठा. नीरजाचा जीव तिथंच अडकलाय.

फोनवर आईनं एका वाक्यात निकाल दिला. "घासून काढ बाई. स्वतःच्या कामात डाग राहिलेला त्यांना चालला असता का?"

चालला नसता, हे खरंच. एवढासा ओघळ दिसला तरी आप्पा अख्खं दार पुन्हा घासायला घेत. पण पॉलिश पेपर चार वेळा फिरला की तो अंगठा गेला, तो गेलाच. आणि राहू द्यावा, तर त्यांच्याच कामाला बट्टा.

पंख्याचा आवाज लांब जातो. खर्र. खर्र. पंखा असा कधीपासून वाजायला लागला?

"उभ्या रेषेत घास. आडवं घासलंस की चरे पडतात. किती वेळा सांगायचं, निरू?"

आप्पा कपाटापुढे उकिडवे बसलेत. खांद्यावर ओलं फडकं, कानावर शिसपेन्सिल. नीरजाच्या हातात पेपर आहे आणि ती घासतेय, केव्हापासून ते तिला ठाऊक नाही.

"आप्पा, तुम्ही कधी आलात?"

"तास चालू आहे. बोलायचं नाही."

खरंच, मागे फळा आहे. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. कपाट वर्गातल्या चौथऱ्यावर उभं आहे आणि बाकांवर कुणीच नाही. आप्पा दारावर गाल टेकवून, उजेड तिरका धरून, एकेक इंच बघतायत. जिथं खोट दिसेल तिथं पेन्सिलनं गोल करायचा, ही त्यांची जुनी रीत. खोट घासताना गोलही पुसला जातो, म्हणजे काम झालं.

"हा ओघळ." गोल.

"इथं ब्रशचा केस चिकटलाय. तुझं लक्ष कुठं होतं?" गोल.

"जुई रडत होती."

"लाकडाला ते कळत नाही."

खालचं दार संपतं. मधला कप्पा संपतो. पेन्सिल वर सरकतेय. नीरजा घाईनं उठते आणि वरच्या दाराला पाठ लावून उभी राहते. ब्लाउज पॉलिशला चिकटतो.

"वरचं चांगलंय, आप्पा. तिथं काही नाही."

"मग लपवतेस कशाला?"

घंटा होते. स्पिरिटचा वास नाकात जातो. पॉलिशचाच वास, पण आता तो दवाखान्याच्या लांब बोळात पसरलाय. फरशी ओली आहे. कपाटाखाली चाकं लागलीत आणि ते सावकाश पुढं सरकतंय, टोकाच्या काचेच्या दाराकडे. त्या दाराआड आप्पांना नेलं होतं आणि नीरजाला पोट धरून बाहेर बसवलं होतं. ती दोन्ही हातांनी कपाट मागं ओढते. ते थांबत नाही.

"सोड," आप्पा शेजारून चालत म्हणतात. "डाग घेऊन आत घेत नाहीत."

"मग नका घेऊ. डाग राहू दे."

तेवढ्यात कपाटातून रडू येतं. बारीक, धाप लागलेलं. जुईचं.

नीरजा वरच्या दाराच्या मुठीकडे झेपावते.

"ओलंय," आप्पा म्हणतात. "हात लावलास की सगळं खराब होणार."

"आत माझी मुलगी आहे, आप्पा."

"मूठ ओढून नाही उघडणार ते. फळी फुगलीय. शेजारी अंगठा दाब. दाबला होतास ना तेव्हा?"

"मी कधी दाबला? तो अंगठा तुमचा आहे."

आप्पा हसतात. तोंड न उघडता, खांदे हलवत, वर्गात कुणी गंगा अरबी समुद्राला मिळवली की हसायचे तसे. मग उजवा अंगठा तिच्या डोळ्यांपुढे धरतात. खडूनं आणि पॉलिश पेपरनं झिजलेला, रंधा मारलेल्या फळीसारखा गुळगुळीत.

"याला रेषा राहिल्यात कुठं? पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तूच आली होतीस ना बरोबर? तीनदा दाबला. मी जिवंत आहे हे मशीनला काही पटेना."

आली होती ती. तिथल्या पोरीनं आप्पांचा अंगठा ओल्या रुमालानं पुसून पुसून लाल केला होता आणि आप्पा म्हणाले होते, बाई, मी श्वास घेऊन दाखवू का?

नीरजा आपला अंगठा बघते. मधून तिरकी रेघ. शाळेत असताना विळीवर कापला होता, त्याचा व्रण.

ती अंगठा डागावर टेकवते. दार उघडतं.

आत जुई नाही. आत आप्पांची गच्ची आहे, ऊन आहे, लाकडाचा भुसा आहे. सातव्या महिन्याचं पोट सावरत नीरजा फळी दाबून उभी आहे. आप्पा जोड घट्ट धरणारा शिकंजा आवळतायत. गोंद तिच्या बोटांवर ओघळतोय आणि ती म्हणतेय, आप्पा, लवकर, बाळ आतून लाथा मारतंय.

"लाकूड ओलं केलं की गोंद उमटतो. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं फिरवलं, तेव्हाच दिसला होता मला," मागून आप्पांचा आवाज येतो. "गोलसुद्धा केला."

"मग काढला का नाहीत?"

ते पेन्सिल कानावर नीट बसवतात.

"पेपर संपला होता," ते म्हणतात.

रडू आता अगदी कानाशी आहे. नीरजा डोळे उघडते. जुई पालथी पडून, मान उचलून, तिच्याकडे बघत रडतेय. पंखा नेहमीसारखाच फिरतोय.

ती जुईला कडेवर घेते आणि कपाटासमोर जाते. पहिला हात केव्हाच वाळलाय. ती अंगठा डागावर ठेवते. रेषेला रेष बसते, व्रणाला व्रण.

मग आप्पांसारखीच ती दाराला गाल टेकवते. खिडकीतला उजेड तिरका येतोय. पॉलिशखाली, अंगठ्याभोवती, शिसपेन्सिलीची एक पुसट रेघ चकाकते. पूर्ण गोल. कुणीच न घासलेला.

आई येते तेव्हा दुसरा हात मारून झालेला असतो. ती चप्पल काढता काढताच वरच्या दाराकडे बघते.

"हे काय गं? डाग तसाच? सांगितलं होतं ना काढ म्हणून?"

खिडकीत पॉलिश पेपरची कोरी चळत पडलीय. नीरजा जुईला दुसऱ्या कडेवर घेते.

"पेपर संपला, आई," ती म्हणते.