घासून गेलेला नंबर

कारखान्यात त्याला सगळे 'पॉलिश' म्हणायचे. चाळीस वर्षं फिटर; खडबडीत लोखंड दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून त्याने एक मोटार बांधली. ती हौसेपोटी नव्हती. बायकोचा खुबा आखडलेला, त्यामुळे कुठल्याही गाडीत तिला वाकून बसता येत नव्हतं. या गाडीचं दार रुंद होतं आणि सीट पूर्ण वळून बाहेर यायची. तीन तासांच्या वाटेवर बायकोची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि फोनवरचा तिचा आवाज आठवड्यागणिक बारीक होत चालला होता.

गाडी तयार झाली आणि नोंदणी अडली.

"बनवणारी कंपनी?" पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं.

"मीच."

"काका, कंपनीचं नाव विचारतोय."

"घरी बांधलीय हो."

"मग तिसरी खिडकी."

तिसऱ्या खिडकीने ब्रेकचा दाखला मागितला, पाचवीने वजनाचा. दोन महिने हेलपाटे घालून एकदाचा तपासनीस शेडमध्ये आला. वेल्डिंगवरून बोट फिरवून त्याने समाधानाने मान हलवली आणि मग इंजिनावर टॉर्च मारला.

"इंजिनाचा नंबर कुठाय?"

इंजिन भंगारातल्या गाडीचं. त्यावर ठोकलेले आकडे त्याला गंजाच्या फोडांसारखे दिसले होते, आणि एका दुपारी त्याने ते घासून जागा आरशासारखी करून टाकली होती.

"चोरीच्या इंजिनाचा नंबर असाच घासतात."

"साहेब, मला ती घाण वाटली."

"नंबर म्हणजे घाण?"

भंगारातल्या गाडीची कागदपत्रं होती, त्यांत नंबरही होता. पण तो याच इंजिनाचा कशावरून? "सोमवारी रसायन घेऊन येतो," तपासनीस म्हणाला. "आकडे उठले तर ठीक. नाही तर गाडी जप्त."

तपासनीस गेल्यावर दारात काठी टेकून उभी असलेली बायको आत आली.

"शिवणयंत्रावरची सोनेरी वेल घासलीत तेव्हाच म्हटलं होतं, हात आवरा."

"अगं, पोपडे निघाले होते तिचे."

"माझेही निघालेत. घासा मला!"

रविवारभर तो शेडमध्ये येरझारा घालत होता. ठोकलेल्या आकड्याखालचं लोखंड दबतं आणि वरचा आकडा गेला तरी त्या दाबाची खूण खाली राहते, हे त्याला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की आपण किती खोल गेलो? एरवी केसभर फरकही तो मोजून ठेवायचा. त्या दिवशी मोजलं नव्हतं. मजा येत होती. दोनदा त्याने इंजिनाला लावायला हात उचलला आणि दोनदा बायकोने आतून हाक मारली.

सोमवारी तपासनिसाने रसायनात भिजवलेला कापसाचा बोळा त्या जागेवरून फिरवला. "जागा गुळगुळीत करायचे माझे कष्ट तेवढे वाचवलेत," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने राखाडी चार उठला. मग नऊ, एक, परत नऊ, सहा. शेवटचा आकडा येईना. आत फोन वाजत होता. बायको जागची हलली नाही. बोळा तीनदा फिरला.

"सात," तपासनीस म्हणाला आणि कागदाशी ताडून फोटो काढला. "जुळतोय. आता माझ्यासमोर पुन्हा ठोका. तुमच्या हाताने."

पॉलिशने आकड्यांचे पोलादी ठसे आणि हातोडी आणली. चाळीस वर्षांत न चुकलेला हात पहिल्याच घावाला घसरला. चार तिरपा उमटला, कडेला लोखंडाची कोर वर आलेली. उरलेले पाच सरळ बसले. तिरपा चार त्यांत आणखीच उठून दिसू लागला. तपासनीस सही करत असताना पॉलिशचा हात नकळत खिशातल्या बारीक कानशीकडे गेला.

"हात लावू नका!" तपासनीस आणि बायको एकदमच ओरडले.

त्याने कानस बायकोच्या हातात दिली. तिने ती पिशवीत टाकली, आत जाऊन बहिणीला फोन लावला आणि म्हणाली, "गुरुवारी येतोय. जागी राहा."