घसारा
माझी थोरली बहीण कधी अंधाराला भ्याली नाही, कुत्र्याला भ्याली नाही, सासूला तर मुळीच नाही. पण यजमान गेले, बर्फाचा कारखाना तिच्या गळ्यात पडला आणि ताई एका आवाजाला भ्यायला लागली.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. मधोमध मिठाच्या गार पाण्याची टाकी, तिच्यात पत्र्याचे डबे उभे सोडलेले. डब्यातलं पाणी गोठलं की लादी तयार. पलीकडच्या खोलीत कॉम्प्रेसर होता. तो अमोनिया वायू दाबून नळ्यांतून फिरवायचा, सगळी थंडी त्याच्या जिवावर. हे धूड ताईच्या सासऱ्यांनी आणलेलं. चालता चालता त्यातून मध्येच ‘खट्’ असा आवाज यायचा, की ताईचा हात असेल तिथे थांबायचा. मी वरच्या छोट्या ऑफिसात फोनवर ऑर्डरी घ्यायचे, म्हणून हे रोज पाहायचे.

मशीन सांभाळणारे मेस्त्री म्हणायचे, “म्हातारं खोकतंय ताई, चालायचंच.” पण हल्ली ते स्वतःच खोलीचं दार सताड उघडं ठेवून बसत.

धंदा मात्र तेजीत होता. मासळी बाजार जितका बर्फ द्याल तितका घ्यायचा. नफ्याचे दोन वाटे व्हायचे, एक ताईचा, एक तिच्या धाकट्या दिराचा. दीर विमा कंपनीत नोकरीला. कारखान्याचं दर्शन घ्यायचे ते वाटा न्यायच्या दिवशीच.

त्या वर्षी नफा पाहून ताई हरखली. हिशेबनीस मात्र चष्मा पुसत बसले.

“वहिनी, हा नफा खाऊ नका.”

“का? खोटा आहे का?”

“खोटा नाही. पण मशीन दर वर्षी थोडं थोडं मरतंय. त्या झिजेला आम्ही घसारा म्हणतो आणि खर्चात धरतो.”

“धरता ना? मग झालं तर.”

“कागदावर धरतो. कागदावर धरल्याने पैसे बाजूला पडत नाहीत. ते तुम्ही दोघांनी वर्षानुवर्षं उचललेत. उद्या हे बंद पडलं तर नवं घ्यायला गल्ल्यात काय आहे?”

गल्ल्यात काहीच नव्हतं.  घरी जाताना ताई मला एवढंच म्हणाली, “अगं, आम्ही इतकी वर्षं मशीनचंच मांस खातोय.”

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली, मी सोबत होते. अधिकारी सज्जन होता. नव्या मशीनने विजेचं बिल किती उतरेल, बंदचे दिवस किती वाचतील, सगळं विचारून म्हणाला, “गणित जमतंय. तारण म्हणून घर लिहून द्या.”

“थंडीत बर्फ विकला जात नाही हो,” ताई म्हणाली.

“हप्त्याला थंडी-ऊन कळत नाही, बाई.”

त्या घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताई सही न करताच उठली. 

मग मासळीचे मोठे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी दुसरी वाट दाखवली. “मी पैसे घालतो. व्याज नको, हप्ता नको. कारखान्यात रुपयामागे चार आणे हिस्सा द्या. फायदा झाला तर घेईन, बुडालं तर तुमच्याबरोबर मीही बुडेन.”

तडजोड बरी होती, पण दिराची सही लागणार होती. शिवाय या वर्षीचा नफा वाटायचा नाही, असंही ताईने ठरवलं होतं. दीर तणतणतच वरच्या ऑफिसात आले.

“बाबांनी उभं केलेलं परक्याच्या घशात घालायचं? आणि या वर्षी वाटाही नाही म्हणे!”

“भाऊजी, मशीन जाईल हो.”

“वीस वर्षं ऐकतोय, जाईल जाईल. घाबरटांनी धंद्यात पडू नये, वहिनी.”

ताई काही बोलणार, तेवढ्यात खाली ‘खट्’ झालं. पाठोपाठ शिट्टीसारखा आवाज, आणि मेस्त्रींची आरोळी: “पळा!”

अमोनियाचा वास आधी डोळ्यांत शिरला. कुणीतरी नाकातोंडात सुया खुपसाव्यात तसा. श्वास घ्यावा तर घसा मिटायचा. जिना लाकडी, अरुंद, समोरचं दिसेना. दीर मधल्याच पायरीवर बसले, कठडा सोडीनात. “मला दिसत नाही, वहिनी, मला दिसत नाही,” असं लहान मुलासारखं म्हणत राहिले. ताईने निघतानाच ऑफिसातल्या माठात बुचकळलेला पदर त्यांच्या तोंडाला गुंडाळला आणि कॉलर धरून त्यांना अक्षरशः फरफटत खाली आणलं. मी तिच्या पाठीला चिकटून होते. दारातून बाहेर पडलो तेव्हा कळलं, सगळे कामगार बाहेर आहेत, मेस्त्री नाहीत.

ते वायूचा व्हॉल्व्ह बंद करायला थांबले होते. शिट्टी थांबली. मग ते भिंत चाचपत आले आणि रस्त्यावर कोसळले.

जीव वाचला. फुप्फुसं गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिरांनी न मागता सही केली. पण व्यापाऱ्यांनी आता चार आण्यांऐवजी सहा आणे मागितले. “शेठ, शब्द दिला होता,” ताई म्हणाली.

“तेव्हा कारखाना चालू होता, वहिनी. जोखीम वाढली की भाव वाढतो.”

ताईला राग आला, पण ती भांडली नाही. बंद कारखान्याचा मालक काय भांडणार! तिने सहा आणे दिले. बदल्यात एक अट धरली: दर महिन्याला घसाऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात जातील, आणि ते काढायला तिघांच्या सह्या लागतील. मेस्त्रींच्या औषधाचा खर्च कारखान्याकडेच राहील, हेही लिहून घेतलं.

नवं मशीन बसलं. वाटे निम्म्यावर आले. दीर आता महिन्यातून दोनदा येतात आणि दारातूनच विचारतात, “सगळं ठीक ना?” आत पाऊल टाकत नाहीत.

परवा आम्ही मेस्त्रींकडे गेलो. ताईने फाटकावर बसण्याचं काम देऊ केलं. ते नुसते हसले, बोलायला दम पुरत नव्हता. त्यांच्या बायकोने चहा ठेवता ठेवता सांगितलं, “नका हो बोलावू. घरातला फ्रिज ‘खट्’ करून सुरू झाला, तरी हे उठून दार उघडतात आणि अंगणात जाऊन बसतात.”

 ताईने उठून फ्रिजचं बटण बंद केलं, आणि चहा संपेपर्यंत ते तसंच राहू दिलं.