माती होणारी पिशवी

मिरजगावात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात हिरव्या पिशव्या आल्या, तेव्हा दुकानदार त्यांचं कौतुक असं करत होता, जणू त्या त्यानंच घरी विणल्या होत्या. पिशवीवर हे भलंमोठं पान आणि खाली ठळक अक्षरं: 'पर्यावरणपूरक. मातीत मिसळून जाते.' हाताला मात्र ती जुन्या पिशवीसारखीच चुरचुरत होती. मी तसं म्हटलं, तर हसला. "वहिनी, ही मक्यापासनं बनवत्यात. आता जमाना बदललाय."

माझ्या सासूबाईंचा छापील अक्षरावर फार विश्वास. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि लगेच ठरवलं, "मातीच हुनार हाय, मग टाकू की उकिरड्यात." तेव्हापासून भाजीची देठं, सालं पिशवीत भरून, वर गाठ मारून त्या शेणखताच्या खड्ड्यात टाकू लागल्या.

घोडेगावच्या बाजारातून आणलेली आमची गाय स्वभावानं गरीब, पण खायला हावरट. दावं सुटलं की थेट उकिरडा गाठायची. पावसाळा सरता सरता तिनं वैरण सोडली. रवंथ थांबलं, डावी कूस ढोलासारखी फुगली. जनावरांच्या डॉक्टरांनी गोठ्यातच, ती उभी असताना, कूस बधिर करून पोट उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून चिकट गोळा बाहेर काढला. त्यातला एक तुकडा त्यांनी बादलीत खळखळून धुतला. वरचं पान हिरवंगार, अक्षरंही शाबूत.

सासूबाईंनी चष्मा लावून ती पुन्हा वाचली. "अगं, ह्याच्यावर तर माती हुनार म्हनून लिवलंय!" त्यांचा तो चेहरा बघून मला त्या छापणाऱ्यांची जी चीड आली, ती आजही गेलेली नाही.

तो तुकडा घेऊन मी दुकानात गेले. नेमका कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, त्याच्या खिशावरही पान.

"मॅडम, विघटन होतंच," तो म्हणाला. "फक्त त्याला ठरावीक तापमान लागतं. मोठ्या खतप्रकल्पात होतं ते."

"असा प्रकल्प आपल्या तालुक्यात, कर्जतला आहे?"

"नाही."

"नगरला?"

"कल्पना नाही, मॅडम. पण तशी सूचना मागे छापलेली आहे."

दुकानदारानं पिशवी उजेडात धरली, लांब केली, जवळ आणली. त्याला वाचता येईना. खोटं सांगायला पुढं तळहाताएवढी जागा आणि खरं सांगायला मागं मुंगीच्या पायाएवढी!

"आमच्या गाईच्या पोटात तो प्रकल्प नव्हता," मी म्हटलं. तो गृहस्थ मोबाईलमध्ये बघू लागला.

गाय वाचली, पण दूध पूर्वीसारखं भरलं नाही. खत शेतात न्यायच्या आधी सासूबाई नि मी उकिरडा उपसला. सालांची, देठांची कधीच माती झाली होती. तीही पिशवीच्या आत, गाठीसकट जपून ठेवलेली. सासूबाईंनी एकेक पिशवी मोजून बाजूला ठेवली.

दुकानदारानं त्या पिशव्या बंद केल्या. हल्ली तपकिरी देतो, कागदासारख्या दिसणाऱ्या, झाडाचं चित्र असलेल्या. "ही दुसऱ्या कंपनीची हाय, वहिनी. एकदम नैसर्गिक."

मी दोन्ही हातांनी ती ताणली. कागद असता तर फाटला असता. ही रबरासारखी लांबत गेली. ती त्याच्या काट्यावर ठेवली, घरून आणलेला डबा पुढे केला आणि म्हटलं, "साखर डब्यात घाला."