बागेतला रिकामा खांब

चहाचा पहिला घोट ती कधी प्यायची नाही. कप हातात आला की थोडा चहा मातीवर सांडायची, मग फुंकर मारून उरलेला प्यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "धनीले." धनी म्हणजे तिचा नवरा. तो वारला होता, पण तिच्या लेखी रोज चहाला हजर असायचा.

नंदुरबारच्या आमच्या नव्या बागेत ती झाडू मारायची. ही बाग तुम्ही पाहिली नसेल तर फार काही बिघडलं नाही. एका फेरीत देशोदेशी हिंडवून आणण्याचा तिचा दावा आहे. लाल पूल आणि बांबू म्हणजे जपान. कोरडं पडलेलं कारंजं म्हणजे मुघल. निवडुंग दिसले की मेक्सिको आला. आणि सगळ्यात शेवटी, मुतारीला लागून, आदिवासी. ज्यांचा जिल्हा, त्यांना कोपरा. तिथे मोहाची दोन रोपं, सिमेंटचा ढोलवाला आणि मधोमध एक कोरीव लाकडी खांब. वर सूर्यचंद्र, खाली घोडेस्वार.

मी निवृत्त मास्तर. शुगरमुळे डॉक्टरांनी फिरायला लावलेला. एका सकाळी त्या खांबापाशी झाडू थांबवून तिने मला विचारलं, "गुरजी, हाऊ कोना खांब शे?"

"कोणाचाच नाही. शोभेचा आहे."

ती हसली. मी थट्टा करतोय असंच तिला वाटलं. चिंचपाड्यापलीकडच्या तिच्या पाड्यावर असा खांब माणूस मेल्यावरच उभा राहतो. खांब रोवायचा, गावाला जेवण घालायचं, मग मेलेला माणूस त्यात येऊन बसतो. तोवर बिचारा भटकत राहतो. तिच्या नवऱ्याचा खांब राहून गेला होता. मुलगा ऊसतोडीला गुजरातेत जायचा आणि परतला की पुढल्या वर्षी करू म्हणायचा. "पाऊसमा बी बाहेरच शे तो," ती म्हणायची. नवरा दाराबाहेर भिजत उभा असावा, असा तिचा आवाज व्हायचा.

मग तो कोपरा ती जरा जास्तच झाडू लागली. एका पोराने फोटोसाठी खांबावर टोपी अडकवली, तर तिने ती काढून त्याच्या हातात दिली. "दादा, रिकामा शे म्हनीसन काय झाये," एवढंच म्हणाली.

एका पहाटे मी पोचलो तेव्हा खांबाला शेंदूर फासलेला होता. पायथ्याशी भात होता, मोहाच्या दारूचा वास येत होता. ती समोर उकिडवी बसली होती आणि इतकी निवांत मी तिला कधीच पाहिली नव्हती.

"बसना आते," ती म्हणाली. नवरा खांबात बसला एकदाचा.

सुपरवायझर आला आणि सुरू झाला. "ही सरकारी जागा आहे, देवळं कसली मांडता?" मी त्याला खांब कशासाठी असतो ते सांगितलं.

"सर, तो खरा नाही. सुताराकडून करून घेतलाय."

"खरेही सुतारच करतो," मी म्हटलं.

"तुम्ही तुमचे राउंड मारा."

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. फाटकाच्या आत घ्यायचं नाही अशी वॉचमनला ताकीद मिळाली. शेंदूर निघेना, म्हणून खांबाला चॉकलेटी ऑइलपेंट मारला आणि शेजारी पाटी लावली : 'आदिवासी बांधव पूर्वजांच्या स्मरणार्थ असा खांब उभारतात. खांबाला काहीही लावू नये.' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना ज्याचा हात अडखळला नाही, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

दिवाळीनंतर ती फाटकाबाहेर उभी दिसली. मुलगा गाठोडी घेऊन टेम्पोत बसला होता.

"गुरजी, तुम्ही रोज बागमा जातस ना. त्याले सांगजा, मी बी ऊसतोडले जास. वाट देखू नको म्हना."

त्यानंतर ती मला दिसलेली नाही.

त्या दिवशी मी तसाच आत गेलो. खांबापाशी लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं. तिच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं. तरी मी खांबासमोर उभा राहून बोलायला लागलो.

"काका, जरा बाजूला," फोटोग्राफर म्हणाला. "मध्ये येताय."

मी निरोप पुरा सांगितला आणि मगच सरकलो. मुलगी खांबाला टेकून छान हसली.