केराची वाट दाराकडे
आमचे भाऊजी गुलाबराव जेवायला बसले तरी त्यांचा एक पाय हलत असतो. हथखोजच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला, ग्राइंडिंग मशिनींवर धूळ ओढणारे डक्ट बसवण्यात. रिटायर झाल्यावर तरी माणूस शांत होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. जुनवानीच्या नव्या घरात ते सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि कान मात्र सगळा रत्नमालाताईच्या श्वासाकडे.

ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी बहीण. तिला दमा. झाडलोट सुरू झाली की तिचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू येतो. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला बजावलं होतं. म्हणून त्यांच्या मुलीने, माझी भाची समीक्षाने, घर बांधतानाच जिन्याखाली धूळ ओढायचं मोठं यंत्र बसवून घेतलं आणि भिंतीभिंतीतून त्याचे पाइप फिरवले. प्रत्येक खोलीत भिंतीला एक तोंड. त्यात लांब नळी खोचायची आणि फिरवायची, केर थेट जिन्याखालच्या डब्यात. ताईने ती नळी एकदा हातात धरली.

"हा अजगर मी घरभर ओढत नाई फिरत," म्हणाली आणि झाडू घेतला.

कामाला बाई ठेवून पाहिली, तर बाई गेल्यावर हिचा झाडू पुन्हा चालू. मी रागावलो, भाची फोनवर रडली. ताई ढिम्म हलली नाही.

मग भाऊजींनी जमिनीलगत बसणारं तोंड शोधून काढलं. फरशीला टेकलेली चपटी फट असते. झाडूने केर तिथवर न्यायचा, खटका दाबायचा. झाकण उघडतं, यंत्र सुरू होतं आणि केर आत. सुपली नको, वाकणं नको, केर भरताना धुरळा नको. ताईचा झाडू तिच्या हातात राहणार होता आणि श्वासही. भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी ताईला सेक्टर ६ मध्ये माझ्या क्वार्टरवर पाठवलं, भिंत कापताना धूळ उडेल म्हणून. मला मात्र मदतीला ठेवून घेतलं. तोंड बसवलं स्वयंपाकघरात, ओट्याखाली.

ताई परत आली, तिने पाहिलं, "चांगलं हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. तिने ओट्याखालून झाडायला सुरुवात केली. त्या नव्या तोंडाला पाठ करून ती हॉलमध्ये आली, हॉलमधून दारापर्यंत. केराचा ढीग पुढे, ही मागे, आणि हिच्यामागे भाऊजी.

"अवं, कचरा तिकडं ने ना! ओट्याखाली!"

"चुलीकडं?" ताई थांबली. "घरभराचा कचरा मी चुलीकडं लोटू? माह्या मायनं हेच शिकवलं का मले?"

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. दाराची चौकट धरून ती खाली बसली, आणि तिचा दम्याचा पंप आणायला धावलेले भाऊजी स्टुलाला अडखळले.

तिचा श्वास जागेवर आल्यावर मी भाऊजींना अंगणात गाठलं. माझं डोकं फिरलं होतं. "भाऊजी, इतक्या वर्षाचा संसार तुमचा. बायको कुठून कुठं झाडते, हे तुमाले ठाऊक नाई?"

"मशीन जिथं धूळ करते तिथंच तोंड लावतो आमी," ते पुटपुटले. "सकाळी मी घरी कधी होतो, बळीराम? पयल्या शिफ्टले निघून जात होतो."

मग ते येरझाऱ्या घालता घालता बोलू लागले. माझ्याकडे बघत नव्हते. "हा दमा मीच आणला घरात. कारखान्यातून आलो की तुही ताई माहे कपडे अंगणात झटके. रोज. मशीनवरची धूळ मी ओढून घेतली, अन् अंगावरची तिले देल्ली."

डॉक्टरांनी दम्याची दहा कारणं सांगितली होती. भाऊजींच्या कानात एकच शिरलं होतं. मला त्यांची दया आली, आणि आतापर्यंत चिडलो होतो त्याची लाजही वाटली.

ताईची पुन्हा माझ्याकडे रवानगी झाली. हॉलच्या भिंतीत नवी खाच पाडली. पाइपाचं वळण लांबट घेतलं, काटकोनात केर अडकतो म्हणून. यंत्र सुरू करणारी बारीक तार पाइपासोबत नेली. तोंड आलं मुख्य दाराच्या आत, बाजूच्या भिंतीच्या पायथ्याशी. तेवढ्यात ताईचा फोन.

"अवो, तो खटका पायानं दाबाचा हाय ना? उंबरठ्यापाशी मी लाथ नाई मारत, सांगून ठेवते."

भाऊजींनी कपाळावर हात मारला, बसवलेलं पुन्हा काढलं आणि झाडूच्या मुठीने ढकलता येईल असा खटका फिरवून लावला. सिमेंट सुकेपर्यंत त्यांनी चहा सुद्धा उभ्यानेच घेतला. सगळी धूळ पुसून झाल्यावरच ताईला आणलं.

सकाळी तिने झाडलं. स्वयंपाकघर, हॉल, दार. झाडूची मूठ खटक्याला लावली. जिन्याखाली यंत्र घुमलं आणि ढीग दिसेनासा झाला. आम्ही दोघं तिच्या खोकल्याची वाट पाहत उभे होतो. खोकला आला नाही. ताईने वाकून त्या फटीत पाहिलं आणि ती हसली.

मग तिची नजर खुंटीवर गेली. भिंत कापताना भाऊजींनी घातलेला सदरा तिथं होता, सिमेंटने पांढरा झालेला. तिने तो काढला, फटीपाशी बसली, खटका पुन्हा ढकलला आणि सदरा हलक्या हाताने तोंडासमोर झटकू लागली. एक बाही, मग दुसरी. धूळ वर उडालीच नाही.

"पाहा बरं," ती म्हणाली, "किती सोपं हाय. तुमी कारखान्यात होते तवाच हे काहून नाई बसवलं?"

अंगणातलं आमचं बोलणं तिला ठाऊक नव्हतं. ती मजेत विचारत होती.

भाऊजी खुर्चीत बसले. त्यांचा पाय थांबला होता.

"चुकलंच माहं," ते म्हणाले आणि सदरा घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. ताईने दिला नाही. अजून कॉलर राहिली होती.