फक्कीचं घर

घर बांधून मग त्यात राहायला जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण आधी सात महिने घरात वावरून मग ते बांधायला काढणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. बायकोचे हे मामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, उभी हयात घालवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून सायखेडा रस्त्यावरच्या आपल्या प्लॉटवर बैठं घर बांधायचा विचार करू लागले. मी मुद्दाम ‘विचार’ म्हणतोय. मामांच्या बाबतीत विचार हेच मोठं बांधकाम असतं. त्याला मजूर लागत नाहीत, सिमेंट लागत नाही, आणि ते कधी संपत नाही.

मामांचा कागदावर विश्वास नाही. कागदावर सगळ्याच खोल्या प्रशस्त दिसतात आणि पलंग टाकला की खरं काय ते कळतं, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी गोणीभर फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड, आणली आणि घराचा नकाशा थेट प्लॉटवर, खऱ्या मापात आखून टाकला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन खोल्या, न्हाणीघर, सगळं जमिनीवर पांढऱ्या रेघांत. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा स्कूटर लावून सरळ त्यांच्याकडे चालत निघालो, तर मामा दोन्ही हात वर करून ओरडले, “अहो जावईबापू, थांबा! भिंतीतून कुठे येताय? दार पूर्वेला आहे!” मी वळसा घालून पूर्वेला गेलो. तिथे रेघेत तीन-साडेतीन फुटांची फट होती. तिच्यातून आत पाऊल टाकल्यावर मामांचा चेहरा खुलला आणि ते म्हणाले, “या, या. बसा. घर शोधायला त्रास नाही ना झाला?” चारी बाजूंना कांद्याची शेतं, डोक्यावर ऊन, आणि मी एका अदृश्य दिवाणखान्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा पितोय. शेजारच्या वावरातली दोन माणसं कांदे काढायचं थांबवून बघत होती.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे मला नकाशातलं कळतं अशी मामांची समजूत झाली आणि दर रविवारी मला प्लॉटवर हजर राहायचं फर्मान निघालं. माझं म्हणणं असं की मला पर्वतरांगा आणि नद्या दाखवता येतात. मोरी कुठे असावी हे मला या वयातही सांगता येत नाही. पण मामा ऐकायचे नाहीत. दर रविवारी घर बदललेलं असायचं. आधीच्या रेघा पुसायच्या नाहीत, हा त्यांचा नियम होता, कारण “जुनं रीडिंग खोडायचं नसतं.” म्हणून दुसरा नकाशा गेरूने आला, आणि तिसरा कपड्यांच्या निळीने. मग माझी जी तारांबळ सुरू झाली ती काही सांगू नका. एका रविवारी मी तासभर एके ठिकाणी बसून दोन कप चहा प्यालो आणि निघताना कळलं, की पांढऱ्या रेघांप्रमाणे मी दिवाणखान्यात होतो, लाल रेघांप्रमाणे न्हाणीघरात, आणि निळ्या रेघांप्रमाणे घराच्या बाहेर, हौदाच्या झाकणावर. “मग मी नक्की कुठे बसलो होतो?” असं मी विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, “तेच तर ठरवायचंय.”

बजेटचीही तीच गत. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक महत्त्वाच्या पंपाला जोडीला दुसरा पंप असतो; एक चालू, एक स्टँडबाय. ही सवय मामांच्या रक्तात इतकी मुरली आहे की घरी त्यांच्याकडे दोन चष्मे, दोन छत्र्या आणि दोन कॅलेंडरं आहेत. साहजिकच नव्या घरात दोन न्हाणीघरं आली, दोन ओटे आले, मागचं दार आलं आणि मागच्या दाराला काही झालं तर म्हणून बाजूचं दार आलं. देवघराच्या शेजारी आणखी एक छोटा चौकोन पाहून मी हळूच विचारलं, तेव्हा ते जरा चाचरले आणि म्हणाले, “तिथे समईचं तेल वगैरे.” बजेटही दोन होती, एक मुख्य आणि एक स्टँडबाय, आणि स्टँडबाय मुख्याच्या दीडपट झालं होतं. मी तपासायला घेतलं की एका वहीतला ओटा दुसऱ्या वहीत शिरायचा. तीन रविवार डोकं लावून मी शेवटी ‘बरोबर आहे’ असं म्हणून टाकलं. ते बरोबर होतं का, हे मला आजही माहीत नाही.

आता हसू येतं, पण या सगळ्यामागे एक साधी गोष्ट होती, आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मामा-मामी जेलरोडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही आणि मामींचे दोन्ही गुडघे गेलेत. दसऱ्यानंतर मामी खाली उतरल्याच नव्हत्या. डॉक्टर घरी येत, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येई. मामी गॅलरीतून भाजीवाल्याला ओरडून सांगत, “अरे, मेथी उलटून दाखव, खालची जुडी दाखव,” आणि तो बिचारा मान वर करून एकेक जुडी उलटी करून दाखवी. एकदा मला चहा देताना त्या म्हणाल्या, “मला बंगला नको हो जावईबापू. चप्पल पायात सरकवून दारातून बाहेर पडता आलं म्हणजे झालं. आणि मेथी हातात घेऊन बघता आली.” बैठं घर त्यासाठी होतं. मामा ज्या घराच्या तीन रंगांत रेघा ओढत होते, त्या प्रत्येक रेघेत मामींचे गुडघे होते.

मग काम सुरू का होईना? तर मामांना सही हवी होती. वीज केंद्रात कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी परमिट निघतं, त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि दुसरी सही करणाऱ्याने जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. न बघता सही केली तर एखाद्याचा जीव जातो. मामांनी आयुष्यभर हा नियम मोडला नव्हता, आणि घरासाठीही त्यांनी तसंच परमिट लिहून ठेवलं होतं, ज्यावर दुसरी सही मामींची लागणार होती. मामी म्हणत, “आणा इकडे, करते सही.” मामा म्हणत, “बघितल्याशिवाय नाही.” मामी म्हणत, “मग आधी घर बांधा, म्हणजे उतरते.” हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं की मध्येच उठून गेलो तरी परत येताना कुठल्या वाक्याला असेन ते मला कळायचं. ज्या जिन्यापायी घर बांधायचं, त्याच जिन्याने ते अडवून धरलं होतं.

शेवटी तोड काढली ती मिस्तरींनी. घराचं काम ज्यांना दिलं होतं ते हे मिस्तरी पेठ तालुक्याकडचे, आणि त्यांची माणसंही तिकडचीच. वैशाखात एका शनिवारी ते जेलरोडला आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, “मामा, आता लय झालं. मृग लागला की माझी सगळी माणसं आवणीला गावाकडं जात्यात. भातं लावून झाल्याबिगर कोणी परत येत नाय. ह्या आठवड्यात पाया खांदला तर खांदला, नायतर मग दिवाळीनंतरच बघा.” मामा परमिटाचं सांगू लागले. मिस्तरींनी ते शांतपणे ऐकलं, आतल्या खुर्चीवर बसलेल्या मामींकडे बघितलं आणि म्हणाले, “मग त्यात काय? उद्या चार माणसं आणतो. मामींना खुर्चीसकट उचलतो. आमी सिमेंटच्या गोण्या वाहतो, मामी काय जड हायेत?” मामी एवढ्या लाजल्या की त्यांनी पदर तोंडाला लावला. पण नाही म्हणाल्या नाहीत.

रविवारी मामी खाली आल्या. खुर्ची प्रत्येक वळणावर टेकवत चौघांनी त्यांना उतरवलं, पुढे मामा “सावकाश, डावीकडे, कठडा!” असं ओरडत उलटे चालत होते, आणि त्या जिन्यात खरा धोका कुणाला होता तर त्यांनाच. प्लॉटवर पोचल्यावर मामींनी काठी घेतली आणि उभ्या राहिल्या. मामांनी अदबीने पूर्वेचं दार दाखवलं. मामी दारातून आत गेल्या, तीनही रंगांच्या रेघांवरून पदराचा काठ फरफटत, भिंती पुसत हळूहळू चालल्या, आणि मला भिंतीतून चालल्याबद्दल सात महिने धारेवर धरणारे मामा मागून नुसते बघत राहिले. मामींनी दिवाणखाना बघितला, दोन्ही ओटे बघितले, मग परत दारापाशी येऊन मिस्तरींना विचारलं, “जोतं किती उंच घेणार?”

“अडीच फूट तर पायजेच मामी. पावसात रस्त्याचं पाणी इकडंच येतं.”

“म्हणजे पायऱ्या किती?”

“पाच,” मिस्तरी म्हणाले. “सगळ्याच घरांना असत्यात की.”

मी मामांकडे बघितलं. दोन ओटे, दोन न्हाणीघरं, तीन दारं, तीन रंग. आणि जमिनीवर आखलेल्या त्या घराला उंची असते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तर दऱ्याखोऱ्या आणि समोच्च रेषा शिकवणारा माणूस. मला कुठे तोंड लपवावं कळेना. मामी मात्र शांत होत्या. त्यांनी काठीनेच दारापासून बाजूने लांब रेघ ओढली आणि म्हणाल्या, “इथून उतार घ्या. हळू चढणारा. पायरी एकपण नको.” मिस्तरींनी पावलं मोजली आणि मान हलवली. “होईल की मामी. पर ह्या अंगाची समदी जागा जाईल. दुसरं न्हाणीघर, दुसरा ओटा, बाजूचं दार. आन् उताराचा खर्च वेगळा.” सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी खिशातून स्टँडबाय बजेटाची वही काढली, ती न उघडताच मिस्तरींच्या हातात दिली आणि म्हणाले, “कापा. सगळं कापा.” मग मामींनी खुर्चीत बसून परमिटावर सही केली. नाव पूर्ण लिहिलं होतं, माहेरच्या नावासकट.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना परत आणलं, आणि मला आठवतं ते हेच जास्त. उतरताना केवढी गंमत होती, चढताना ती उरली नव्हती. माणसं दमली होती. दुसऱ्या मजल्यावर मामी म्हणाल्या, “बाळांनो, टेका रे जरा,” आणि चौघंही भिंतीला टेकून उभे राहिले. घर होईपर्यंत मामी पुन्हा खाली येणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. वर आल्यावर माणसं चहा घेऊन गेली. मामा खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले आणि बराच वेळ मामींच्या पायांतल्या चपला सोडवत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, “दसऱ्यालाच तुला अशी उचलून नेली असती ना, तर आज परत चढवावी लागली नसती. मी सहीसाठी अडून बसलो.”

मामी त्यांच्या डोक्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मिस्तरी म्हणाले ते मलापण दसऱ्यालाच सुचलं होतं. खुर्चीचं. पण चार माणसांनी उचलून नेलेलं सगळी इमारत बघेल, म्हणून बोलले नाही. लाज वाटली.”

मामांनी मान वर केली. सात महिने दोघं एकमेकांसमोर बसून एकमेकांची वाट बघत होते, एक नियमापायी आणि एक लाजेपायी, आणि मला त्यांची इतकी माया वाटली की तिथे थांबवेना. मी बायकोला खूण केली. आम्ही दार हलकेच ओढून घेतलं आणि उतरू लागलो. चोपन्न पायऱ्या आहेत त्या जिन्याला. इतकी वर्षं येतोय-जातोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.