बाबांच्या शाळेचं वेळापत्रक

हॅमिल्टनच्या विद्यापीठात मी लागले ती कॉम्प्युटर लॅब सांभाळायला. शिकवण्याशी माझा काही संबंध नव्हता. पण पुण्यात एमएस्सीला मी ग्राफ थिअरी केली होती, हे गणित विभागातल्या एका सीनियर लेक्चररला कुणीतरी सांगितलं आणि एक दिवस तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसला.

विविक्त गणितासाठी, म्हणजे सुट्या सुट्या वस्तू आणि त्यांच्यातल्या जोडण्यांच्या गणितासाठी, एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं. कुणीही वापरावं, आतला कोड उघडून बघावा, हवा तसा बदलावा. संशोधकांना ते शिकवायचं त्याच्या मनात होतं.

"गणित मी सांगेन, सॉफ्टवेअर तू शिकव. हे आपल्या दोघांचं," तो म्हणाला.

मी त्याला सर म्हटलं तर तो हसला. इथे कुणी सर नसतं म्हणाला. मला ते फार आवडलं होतं.

पहिल्या कार्यशाळेला बाराएक जण आले. त्यात एक बाई होती, गायींचे रोग एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर कसे जातात याचा अभ्यास करणारी. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची म्हटल्यावर तिचे हात मांडीवरून वर येईनात. "मी गणितवाली नाही, माझ्याकडे नुसत्या गुरांच्या ट्रकच्या नोंदी आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, प्रत्येक फार्म म्हणजे एक ठिपका, आणि ट्रक गेला की दोन ठिपक्यांमध्ये रेघ. झाला ग्राफ. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या सगळ्या नोंदी त्यात घातल्या आणि कुठलं एक फार्म मधून काढलं तर साखळी तुटते, ते स्वतः शोधून मला दाखवलं.

त्यानंतर मी पुस्तिका लिहायला घेतली. त्याच वर्षी बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, इथे दिवसभर करणार काय? मी स्वाध्याय लिहायचे आणि बाबा ते वहीत हातानं सोडवून उत्तरं ताडून बघायचे. एकदा म्हणाले, "अगं, शाळेचं वेळापत्रक घाल की यात. एक शिक्षक एका तासाला दोन वर्गांवर जाऊ शकत नाही. ते बसवताना दर जूनमध्ये आमचा जीव जायचा." आणि आठवणीतून त्यांनी अख्खं वेळापत्रक मांडून दिलं. सॉफ्टवेअरनं ते क्षणात सोडवलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. "हे आधी का नाही आलं गं!"

लेक्चरर आमच्याकडे जेवायला आला त्या रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यानं दोन थालीपिठं खाल्ली, बाबांना वेळापत्रकाबद्दल खूप विचारलं, कागदावर टिपून घेतलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी आमची दोघांची नावं घातली, खाली बाबांचे आभार, आणि परवान्याची ओळ: ही पुस्तिका कुणीही वापरावी, बदलावी, फक्त हे पान तसंच ठेवावं.

पुढच्या कार्यशाळेचं ख्राइस्टचर्चला ठरलं. "या वेळी छोटीच आहे, एकाच माणसाची सोय आहे," तो म्हणाला. मला खरं वाटलं. मी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीप्रमाणे सगळे धडे सुधारून त्याला दिले.

तो परतला त्या आठवड्यात गायींवाली बाई लॅबमध्ये आली. तीही तिकडे गेली होती. तिनं स्पायरल बांधलेलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "तुझं नाव शोधलं मी. छापायचं राहिलं असेल असं वाटलं."

मुखपृष्ठावर एकच नाव होतं. पहिलं पान नव्हतंच. आत माझी वाक्यं, माझे ठिपके, माझे ट्रक. वेळापत्रकाखाली ओळ होती: लेखकाने भारतातल्या एका शाळेतून मिळवलेली माहिती. तिला विचारलं तेव्हा कळलं की तिकडे दोन प्रशिक्षक होते. दुसरा त्याचा जुना विद्यार्थी.

मी तडक त्याच्या ऑफिसात गेले. पुस्तक टेबलावर ठेवलं.

तो गोंधळला नाही, हेच मला जास्त लागलं. "पण हे सगळ्यांसाठी खुलं आहे ना? तूच तर प्रत्येक वर्गात सांगतेस."

"वापरायला खुलं आहे. नाव पुसायला नाही."

"अगं, तू किती मनाला लावून घेतेस! नाव घालू पुढच्या वेळी. नो वरीज."

मी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी वेबसाइटवरच्या प्रतीत शेवटच्या पानावर एक ओळ आली, हॅमिल्टनमधल्या सहकाऱ्यांचे आभार मानणारी. प्रकरण तिथे मिटलं, असं मला कळवण्यात आलं.

बाबांना सांगायचं नव्हतं, पण पुस्तक त्यांनी माझ्या पिशवीत बघितलं. टेबलाशी बसून सावकाश चाळलं, वेळापत्रकाच्या पानावर थांबले.

"मिळवलेली," ते म्हणाले. मग पुस्तक मिटत, "जाऊ दे. लोक शिकतायत ना त्यावरून?"

माझी समजूत काढायला म्हणाले, हे मला कळत होतं. मी माझी मूळ पुस्तिका पहिल्या पानासकट इंटरनेटवर ठेवली. गायींवाली बाई तिच्या विद्यार्थ्यांना तीच देते. त्याच्याबरोबर मी पुन्हा कधी शिकवलं नाही. कॉरिडॉरमध्ये भेटला की तो मोकळेपणानं "किया ओरा" असा इथला नमस्कार घालायचा, आणि माझ्या तोंडून सवयीनं उत्तर जायचं. तेव्हा मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

बाबांचे अजून पाच आठवडे उरले होते. मी दोन-तीनदा नवे स्वाध्याय त्यांच्यापुढे ठेवले. "बघतो," म्हणायचे, आणि चपला घालून लायब्ररीत पेपर वाचायला निघून जायचे.